गुंफीची वकीलीण

पायलनं स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागायची ती नेहमी दुसरीसाठी, आणि मागायची अशी की समोरच्याला नाही म्हणायला तोंडच राहू नये. ‘काकू, तिच्या घरी सकाळपासून चूल नाही पेटली. देता का जी जरासं पीठ? ती तुमचं नाव काढत राहीन.’ तिसरीतली पोट्टी, फ्रॉकची मागची बटणं तुटलेली म्हणून आईनं सेफ्टी पिन टोचलेली, आणि बोलणं असं की जणू पुढ्यात जज्जसाहेब बसलेत. गावात सगळे तिला वकीलीणच म्हणत. आणि जिच्यासाठी ही वकिली चालायची ती गुंफी. गुंफी कोणाला कधी दिसली नाही, कारण ती नव्हतीच. पायलनं ती आपल्या मनानं तयार केली होती.

माझी पिठाची चक्की आहे. दारव्ह्याहून आमच्या गावात शिरलं की उजव्या हाताला पहिलीच. त्या घरघरीत बोलून बोलून माझा गळा एवढा मोठा झाला आहे, की घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटतं भांडण जुंपलं. एका जागी बसणंही मला जमत नाही. लाईट आली की पळायचं, गेली की येरझारा घालायच्या, जन्म त्यातच गेला. आणि पायलची गोष्ट तर मला बसून सांगताच येत नाही. सांगायला लागले की जीव नुसता वर-खाली होतो, मध्येच उठून काहीतरी झाडत बसते.

तिचं दळण ते केवढं! स्टीलच्या छोट्या डब्यात रेशनचे गहू, तेही डब्याच्या तळाला लपतील एवढे. ते टाकून दळून काढायला माझा मिनिटही जायचा नाही. पण पायल लगेच घरी जायची नाही. चक्कीखाली सांडलेल्या पिठाकडे बघत उकिडवी बसायची. ते पीठ मी संध्याकाळी झाडून शेळीला घालत असे.

‘काकू, ते खालचं घेऊ का जी? गुंफीले पाहिजे.’

‘व पोट्टे, मातीतलं हाय ते. शेळीचं हाय.’

‘तिले चालते. ती चाळून घेईन.’

‘मंग तिले म्हणजो, तूच ये मागाले. तुले काहून पाठवते?’

‘ती भेते जी. तुमचा आवाज मोठा हाय नं.’

 मी पुटपुटत चांगल्या पिठाची पुडी बांधायची आणि तिच्या डब्यावर आदळायची. ‘घे. गुंफीले म्हणा, काकूनं देल्लं. अन् मातीतलं खाऊ नोको म्हणा.’ ती खुदकन हसायची. तेवढ्यापुरती मीही त्या गुंफीला मानायला लागले होते, खोटं कशाला बोलू.

गुंफी म्हणे नाल्याच्या पलीकडे राहायची. पहिलीत होती. तिला आई नव्हती, तिच्या घराला छप्पर नव्हतं. पायलच्या घरात जे थोडं असायचं ते गुंफीकडे मुळीच नसायचं, हा त्या दोघींमधला कायदा होता. पायलच्या चपलेचा अंगठा तुटला, तर गुंफीला चप्पल कशी असते हेच ठाऊक नव्हतं. पायलच्या घरी पावसात एका कोपऱ्यात गळायचं, गुंफी रात्रभर उभ्यानं भिजायची. पायलचा बाप बांधकामावर जायचा, तो स्लॅबवरून पडला, कमरेतून गेला आणि खाटेवर आला. त्या आठवड्यात पायल मला सांगायला आली, ‘गुंफीच्या बाबाले तं खाट बी नाही. खालीच निजते.’ स्वतःच्या बापाच्या पडण्याबद्दल ती माझ्याशी एवढंच बोलली.

मी एकदा तिला चिडवलं होतं. म्हटलं, ‘बह्याड पोट्टी, सोबतीण करायचीच होती तं एखांदी पैसेवाली करायची. तुले गाडीत फिरवलं असतं, आइसक्रीम खाऊ घातलं असतं.’

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू खुळी मीच. म्हणाली, ‘पैसेवालीले मी काय देऊ?’

तिची आई शोभा. शेतात निंदायला जाते, कापूस वेचायला जाते, बोलते कमी. ती एकदा चक्कीवर बसली असताना लाईट गेली, आणि बसल्या बसल्या तिनं मला सांगितलं की रात्री पायलच्या वाट्याला अर्धी भाकर आली तर ती तिचे दोन तुकडे करते. एक स्वतः खाते, दुसरा गुंफीपुढे ठेवते. मग थोडा वेळ थांबते. मग म्हणते, ‘गुंफीचं पोट भरलं, ती म्हणते तूच खाय.’ आणि तो दुसरा तुकडा असा खाते की जणू कोणी आग्रह करून वाढलाय. ‘काकू, अर्ध्या भाकरीत माही पोट्टी दोनदा जेवते,’ शोभा म्हणाली, आणि हसली. मला ते हसणं बघवलं नाही. मी उठून चक्कीचा पट्टा उगाचच चाचपत राहिले.

शाळेतही तेच. खिचडी शिजवणारी बाई पायलच्या ताटात वाढून झाली की पायल ताट मागं घ्यायचीच नाही. ‘गुंफीची राह्यली नं, मावशी.’ पहिले काही दिवस ती बाई भडकली, नंतर सवयीनं दोन पळ्या टाकायला लागली. मास्तर एकदा म्हणाले, हजेरीत नाही ती मुलगी. पायल म्हणाली, ‘हजेरी घेता तवा ती पाणी प्यायले गेलेली असते, सर.’ असं तिचं उत्तर तयार असायचं. पण रविवारी मात्र वकीलीण बेचैन असायची. शाळा नाही म्हणजे खिचडी नाही. सकाळपासून गावभर फिरायची, माझ्या दारावरून चारदा जायची, आत यायची, काही न बोलता पायानं पायाला खाजवत उभी राहायची आणि शेवटी म्हणायची, ‘आज गुंफीले बरं नाही वाटत.’

असं चाललं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते नवरात्रात, माझ्याच सासरच्या घरात.

माझी मोठी जाऊ, गाव तिला मोठ्या बाई म्हणतं, नऊ दिवस उपास धरते आणि नवमीला नऊ कन्या जेवू घालते. त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, खीर-पुरी वाढायची, रिबीन आणि रुमाल हातात द्यायचा. आठ नाही, दहा नाही, नऊ म्हणजे नऊ. त्या वर्षी तिची लेक यवतमाळला दवाखान्यात अडली होती. आदल्या दिवसापासून कळा, आणि सुटका होईना. बाईचं निम्मं लक्ष फोनकडे, निम्मं देवीकडे. त्यात ऐन वेळी नऊतल्या एका मुलीला ताप भरला. पाट मांडले, मुली बसल्या, मोजल्या तर आठ. गावातल्या बाकीच्या मुली दुसऱ्या घरी जेवायला बसून गेलेल्या. बाईचा चेहरा पांढरा पडला. अशा दिवशी कन्या कमी पडावी हे तिला लेकीच्या जिवावरचं वाटलं.

आठ मुलींत पायल होती. ती म्हणाली, ‘मोठ्या बाई, गुंफी आली नं माह्यासंगं. नववी ती.’

पोरी फिदीफिदी हसल्या. मी चुलीपाशी पुऱ्या तळत होते. मला वाटलं आता हिला बोलणी बसणार. पण बाईमध्ये रागवायचंही बळ उरलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं पायलशेजारी नववा पाट मांडला, ताट वाढलं. सगळ्यांचे पाय धुवत ती रिकाम्या पाटापाशी आली आणि पुढे सरकणार तेवढ्यात पायल म्हणाली, ‘तिचे बी धुवा नं जी. फुफाट्यातून चालत आली ती.’ बाईनं त्या रिकाम्या पाटावर पाणी घातलं, लाकडाला कुंकू लावलं. मग मुली जेवायला लागल्या. पायल मध्येच शेजारी वाकली, कान दिला आणि बाईला म्हणाली, ‘गुंफी म्हणते खीर लय गोड झाली. तुमी आता रडू नोका म्हणते.’

आणि आतल्या खोलीत फोन वाजला. लेक सुटली होती. मुलगा. दोघंही सुखरूप.

माझी जाऊ त्या रिकाम्या पाटापुढे आडवी पडली. पालथी. कपाळ जमिनीला टेकून ‘आई, आई’ करत हुंदके देत राहिली. मी झारा घेऊनच बाहेर आले आणि माझ्या त्या गळ्यानं ओरडले, ‘अवो बाई, डॉक्टरनं केलं ते! त्या लेकरानं काय केलं?’ बाई तशीच पडल्या पडल्या म्हणाली, ‘तू चूप राय. तुले चक्कीच्या आवाजापलीकडे कधी काही ऐकू आलं का?’ पायल घाबरून पुरी हातात धरून बसली होती. तिला वाटलं गुंफीकडून काहीतरी सांडलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वकीलिणीसोबत फिरते ती देवी आहे. नवमीला स्वतः नववी होऊन जेवून गेली. दुसऱ्या दिवशी शोभाच्या दारात पहिला नारळ आला. मग ओटीचे तांदूळ, खण, साखर, डाळ, तेल. पुढच्या मंगळवारी बाजूच्या गावातल्या बायाही आल्या. दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस असला की येता-जाता लोक वाकडी वाट करून यायला लागले. पायलला सकाळी डोक्यावरून पाणी घालायचं, केस मोकळे सोडायचे, पाटावर बसवायचं. शेजारी दुसरा पाट, रिकामा, त्यावर हळद-कुंकवाचा ढीग. लोक येणार त्या दिवशी शाळा नाही, चिंचेवर चढणं नाही, कोणाच्या अंगाला शिवणं नाही.

लोकांचे प्रश्न तरी काय! माझ्या पोराचं लग्न जमेल का, कोर्टात वावराचा निकाल काय लागेल, जावई दारू सोडेल का. पायल बिचारी शेजारी वाकून विचारायची आणि खरं ते सांगायची. ‘गुंफीले नाही माहीत. ती पहिलीतच हाय.’ लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. एकदा म्हणाली, ‘गुंफीले झोप आली.’ तर एका म्हातारबुवानं ताबडतोब अर्थ लावला, देवी निजते म्हणजे यंदा पाऊस लवकर संपेल, हरभरा पेरायला घाई करा. दोघा-तिघांनी खरंच घाई केली. माझं डोकं असं भणभणायचं की दळायला आलेल्या माणसांशी मी विनाकारण भांडायची. जो येईल त्याला सांगायची, खोटं आहे हे सगळं, लेकराचा खेळ आहे. कोणी ऐकेना. उलट माझ्याकडे दळण टाकणं काहींनी बंद केलं, देवीची निंदा करणाऱ्या बाईकडे कशाला जायचं म्हणून.

एक दिवस मी चक्की उघडी टाकून शोभाच्या घरी गेले. चुलीवर डाळ रटरटत होती. खाटेवर पडून असणारा बाप भिंतीला टेकून बसला होता, अंगात धुतलेला सदरा. मी दारातूनच सुरू झाले. ‘लाज वाटते का व शोभा? लेकराले पाटावर बसवून खातं का कोणी? शाळा बुडून राह्यली तिची. उद्या मोठी झाल्यावर लोकं सोडतीन का तिले? जन्मभर केस मोकळे सोडून बसवतीन!’

शोभा पळी हातात धरून उभी राहिली. ती ओरडली नाही. तिनं मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, ‘बोला जी काकू. तुमी पीठ देल्लं आमाले, तुमचा हक्क हाय. पण मी कोणाले बोलावलं? कोणापुढं हात पसरला? ते लोकं येतात, ठेवून जातात. लेकराच्या बाबाले दवाखान्यात नेलं मी परवा, पट्टा भेटला कमरेले. मी नाही म्हणू? तुमी सांगा, नाही म्हणू?’

मी तशीच परत आले, आणि रस्ताभर मला रडू येत होतं आणि रागही. शोभाचं खोटं नव्हतं. आणि पायलच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं, तेही खोटं नव्हतं. तिच्या घरची चूल आणि तिचं बालपण, दोन्हीपैकी एकच राहणार होतं आणि निवडायची पाळी माझ्यावर आली असती तर माझीही मती गुंग झाली असती.

एका दुपारी लाईट नव्हती. पायल चक्कीत आली. केस मोकळे, कपाळभर कुंकू, त्यावर घाम. आत आली ती भिंतीला धरून फिरतच राहिली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी म्हटलं, ‘बस नं व जराशी.’ बसेना.

‘काकू, गुंफी आता बोलत नाही माह्याशी.’

‘काहून?’

‘एवढे माणसं पाहून भेली ती. म्हातारे म्हातारे माणसं तिच्या पाया पडतात. मोठ्या बाई पडल्या. ती पाटाखाली लपते. कोणी तिले खेळू देत नाही. मी म्हटलं चाल चिंचेवर, तं आई म्हणते नोको, देवीनं झाडावर चढू नाही.’ मग म्हणाली, ‘तिच्या घरी काहीच नाही हे मी सगळ्यायले सांगतलं होतं जी. तरी तिलेच मागतात. एवढ्याशा पोरीले!’

मी म्हटलं, ‘सांगून टाक मग त्यायले. म्हणा गुंफी-बिंफी कोणी नाही. माह्या डोक्यातलं होतं.’

ती फिरायची थांबली.  ‘असं कसं म्हणू? ती हाय नं.’ आणि निघून गेली. जाताना दारात वळून तिनं एवढंच विचारलं, की दारव्ह्याहून झरीला कसं जातात. मी सांगितलं, दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून पुढे पांढरकवडा, मग झरी. लांब आहे, जंगलात. मला वाटलं शोभाची कोणी बहीण-बिहीण असेल तिकडे.

त्यानंतर आला तो बाजाराचा दिवस. सकाळची काळीपिवळी जीप आमच्या गावाच्या फाट्यावर उभी होती. चालवणारा अन्वर. त्याच्या जीपमध्ये जागा हा शब्दच नाही. आत कोंबून झाली की मागं लटकवतो, मागचं भरलं की टपावर. त्या दिवशीही भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं भरून झालं होतं. मी दारात झाडत होते. गल्लीतून पायल येताना दिसली. तिचा एक हात बाजूला, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. दुसऱ्याचा हात धरून चालताना लहान मुलाचा असतो तसा. तिच्या मागं पाटासमोर जमलेल्या सगळ्या बाया, कोणाच्या हातात आरती, कोणाच्या हातात नारळ. सगळ्यांत पुढे माझी जाऊ. मागं शोभा. कोणाला कळत नव्हतं काय चाललंय. देवी उठली, चालायला लागली, म्हणून त्याही चालायला लागल्या.

पायल अन्वरच्या खिडकीशी उभी राहिली. ‘अन्वरमामा, एक सीट द्या जी. गुंफी चालली. झरीले, तिच्या मावशीकडं.’

अन्वरनं तिच्याकडे बघितलं, मागच्या बायांकडे बघितलं. मला वाटलं हा आता दात काढणार. तो गावाचा टवाळखोर माणूस, कोणाला सोडत नाही. पण त्यानं शेजारच्या सीटवर बसलेल्या धोतरवाल्या पाहुण्याला म्हटलं, ‘काका, उतरा तुमी. मागं या.’

‘काहून? मी सकाळधरून बसून राह्यलो!’

‘लेडीज सवारी हाय. उतरा.’

पाहुणा शिव्या देत उतरला. अन्वरनं खांद्यावरच्या रुमालानं सीट पुसली. तेव्हा कुठे माझ्या जावेला उमगलं, आणि तिनं हंबरडा फोडला, ‘आई, जाऊ नोको व! आमचं काय चुकलं?’ आणि धावून तिनं जीपचं दार धरलं. बाकीच्या बायाही लागल्या रडायला. शोभा मात्र जागच्या जागी उभी होती. तिला सगळ्यांच्या आधी समजलं होतं. डाळ, तेल, नवऱ्याचं औषध, सगळं त्या सीटवर बसून निघालं होतं. तरी तिनं पोरीला धरलं नाही.

पायलनं मोठ्या बाईचा हात दारावरून हळूच सोडवला. म्हणाली, ‘रडू नोका जी. तिची मावशी तिची वाट पाहून राह्यली. जाऊ द्या तिले.’ अगदी तिच्या त्या वकिलीच्या आवाजात. आणि बाईनं दार सोडलं! मी महिनाभर घसा फोडून खोटं खोटं म्हणून ओरडत होते, तर कोणी ढुंकून बघितलं नाही. आणि या पोरीनं एक शब्द खोटा न बोलता देवीला निरोप देऊन टाकला. निघालेल्या देवीला अडवायची हिंमत कोण करणार?

मग ती सीटवर वाकली. फ्रॉकच्या खिशातून नवमीची रिबीन काढून तिनं तिथं ठेवली, नीट घडी करून. अन्वरला सगळं बजावलं. ‘तिले खिडकीपाशी बसू द्या. गाडी लागते तिले. दारव्ह्याले उतरलं की यवतमाळच्या गाडीत बसवून देजा. एकटी सोडू नोका.’

‘नाही सोडत,’ अन्वर म्हणाला.  ‘आपल्या हातानं बसवून देतो.’

पायल त्या सीटच्या कानात काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. जीप सुटली. टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं, आणि पुढे अन्वरशेजारची सीट मोकळी. तिठ्यापर्यंत ती दिसत होती. बाया हात जोडून उभ्या होत्या. पायल जीपच्या मागं थोडं धावली, मग थांबली, आणि भर रस्त्यात मटकन खाली बसून अशी रडली, अशी रडली, की मी झाडू फेकून तिला उचललं. एवढीशी होती वजनाला. मीही रडले. माझं रडणंही मोठ्या आवाजाचं.

त्या दिवसानंतर दारात नारळ आला नाही. लोकांचं म्हणणं, आई होती, आली, आपलं भलं करून झरीच्या जंगलात गेली. वर्षभरानं काही जण तिकडे दर्शनालाही जाऊन आले, काय बघून आले देव जाणे. शोभा पुन्हा वेचणीला जायला लागली. पोरीला ती एका शब्दानं बोलली नाही. बापाच्या कमरेला पट्टा तेवढा राहिला, त्याच्या आधारानं तो दारापर्यंत चालायला लागला. पायल शाळेत जायची, चिंचेवर चढायची. दळणाचा डबा घेऊन यायची, पण आता मागायची नाही. कोणासाठी मागणार? अशील निघून गेलं होतं. डबा घ्यायची, ‘येते जी’ म्हणायची आणि जायची. मीच मागून धावायची, पुडी तिच्या डब्यात कोंबायची, आणि ती गप्प उभी राहायची. तिचं ते गोड बोलणं ऐकायला मी तडफडायची. कधी कधी मीच विचारायची, ‘काय व, झरीहून काही खबर?’ ती नुसती मान हलवायची.

पुढल्या उन्हाळ्यात शोभाला यवतमाळला, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम मिळालं. कसल्याशा कारखान्यात पॅकिंगचं. भाड्याची खोली घेऊन तिघं जायला निघाली. सामान म्हणजे दोन गोणपाटं आणि ती खाट, अन्वरनं टपावर बांधून घेतली. मी फाट्यावर गेले. पायल खिडकीपाशी उभी होती, आत चढायची होती. तिचं असं गप्प जाणं मला सोसेना. मी तिला बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. म्हटलं, ‘पायल, आता तुमी यवतमाळले चालले. तिथं तुले कोणी ओळखत नाही, कोणी पाटावर बसवत नाही. आता बोलावून घे नं गुंफीले. एकटी कशी राहशीन व?’

तिनं माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसानं समजूत घालावी तसा माझा हात थोपटला.

‘नाही जी काकू. तिच्या मावशीकडं तिले दोन्ही टाइम जेवाले भेटते. आमच्या घरी कायले बोलावू तिले? आमच्या घरी हाय काय?’

आणि ती जीपमध्ये चढली.